‘डिड यू वेंट’ का निघतं आणि ते कसं थांबतं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मराठी माध्यमातून शिकलात, गो–वेंट–गॉनचा तक्ता शाळेपासून पाठ आहे, रिकाम्या जागा भरायला दिल्या तर एकही चुकत नाही. पण मीटिंगमध्ये कालच्या कामाचं सांगायची वेळ आली की ‘डिड यू वेंट’ निघतं, नाहीतर वाक्यावाक्यात ‘हॅड’ येतो आणि समोरचा क्षणभर थांबून तुमच्याकडे बघतो. नमुन्याला तुम्ही तुमचीच तीन वाक्यं दिली आहेत: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू द सप्लायर’, ‘आय डिड नॉट मेट हिम’ आणि ‘आय हॅव सेंट द मेल ऑन मंडे’. तक्ता पुन्हा पहिल्यापासून पाठ करायला बसू का, असं विचारलंय.

बसू नका. तक्ता तुम्हाला येतो. नाशिकला सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे संध्याकाळचे वर्ग मी 22 वर्षं घेते आहे. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला रूपं येत नसतात असं मला फार क्वचित दिसलं. अडचण रूपांची नसतेच. मराठीत ‘गेलो, आलो, झालं’ ही ला-ची रूपं दहा ठिकाणी कामाला येतात. इंग्रजीतला सिंपल पास्ट मुख्यतः एकच काम करतो: संपलेल्या वेळेतली संपलेली गोष्ट सांगतो. आपण मराठीच्या दहाही ठिकाणी तो बसवायला जातो, आणि जिथे खरंच बसतो तिथे भलतंच काहीतरी बसवतो. तुमची तीनही वाक्यं याच गोंधळातून आली आहेत. चांगली गोष्ट ही की त्यातून बाहेर यायची वाटही मराठीतच आहे.

आधी मधलं वाक्य घेऊ, कारण ते सगळ्यात लवकर सुटतं. ‘आय डिड नॉट मेट हिम.’ मराठीत आपण म्हणतो ‘मी त्याला भेटलो नाही’. ‘भेटलो’ जागेवरच, फक्त ‘नाही’ जोडलं. म्हणून ‘मेट’ जागेवर ठेवून ‘डिड नॉट’ जोडावंसं वाटतं. आता दुसरं वाक्य म्हणून बघा: ‘मी त्याला भेटू शकलो नाही.’ भूतकाळ कुठे गेला? ‘शकलो’वर. आणि ‘भेटलो’चं झालं ‘भेटू’. ‘मी त्याला भेटलो शकलो नाही’ असं पाच वर्षांचं पोरही म्हणणार नाही, कारण एका वाक्यात भूतकाळाचं ओझं एकाच क्रियापदाने उचलायचं असतं हे आपल्या कानाला पक्कं ठाऊक आहे. इंग्रजीतला ‘डिड’ म्हणजे हा ‘शकलो’ समजा. अर्थाने नव्हे, वागण्याने. तो आला की ओझं त्याच्या डोक्यावर, आणि मुख्य क्रियापद मोकळं: डिड नॉट मीट, डिड यू गो, डिडन्ट ईट. ‘डिड नॉट मेट’ इंग्रजी कानाला ‘भेटलो शकलो नाही’ इतकंच विचित्र लागतं. मी फळ्यावर ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिते, आणि बहुतेकांना नियम म्हणून पुन्हा सांगावा लागत नाही.

एक पोटनियम मात्र आहे. ‘काच कोणी फोडली?’ याला ‘हू ब्रोक द ग्लास?’ म्हणायचं, ‘हू डिड ब्रेक’ नाही. ज्याच्याबद्दल विचारतोय तोच कर्ता असेल तर ‘डिड’ लागत नाही. आणि ‘वॉज, वर’ला ‘डिड’ कधीच लागत नाही: ‘वर यू इन द ऑफिस?’ पण ‘माझ्याकडे वेळ नव्हता’ हे ‘आय डिडन्ट हॅव टाइम’. इथे आपल्याकडे हमखास ‘आय हॅडन्ट टाइम’ ऐकू येतं.

आता ‘हॅड’. माझ्या मते मराठी माणसाची भूतकाळातली सगळ्यात खोल चूक ही आहे, आणि शाळेत तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण व्याकरणाच्या तक्त्यात ‘मी गेलो होतो’समोर ‘आय हॅड गॉन’ लिहिलेलं असतं आणि ते दिसायला बरोबर असतं.

‘काल पाहुणे आले’ आणि ‘काल पाहुणे आले होते’ यात फरक काय? पहिल्यात पाहुणे अजून घरात असू शकतात. दुसऱ्यात येऊन गेले. ‘मी कोल्हापूरला गेलो होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, हा जाऊन परत आलाय. हा ‘होतो’ मराठीत मोठं काम करतो, गोष्ट मिटली, आता तसं नाही, असं सांगतो. इंग्रजी ‘हॅड’ला हा अर्थ नाही. त्याचा अर्थ एवढाच की भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी गोष्ट घडलेली होती. म्हणजे ‘हॅड’ म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या गोष्टीची वाट बघतो. तुम्ही ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू द सप्लायर’ म्हणून थांबलात की त्याच्या मनात ‘बरं, मग? त्यानंतर काय झालं?’ असं येतं. तुमच्याकडे बघत थांबतो तो यासाठी.

हे मला नीट कळलं ते एका शिफ्ट इनचार्जमुळे. पन्नाशीचे गृहस्थ, रात्रपाळीत कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि दुसऱ्या दिवशी चेन्नईहून येणाऱ्या साहेबांना ते सगळं सांगायचं होतं. वर्गात उभे राहून त्यांनी सराव केला: ‘द कॉम्प्रेसर हॅड स्टॉप्ड. आय हॅड कॉल्ड मेंटेनन्स. दे हॅड चेंज्ड द बेल्ट.’ मी विचारलं, ‘अँड देन?’ ते गोंधळले. म्हणाले, ‘देन नथिंग, मॅडम. मशीन हॅड स्टार्टेड.’ त्यांच्या बाजूने गोष्ट संपली होती, माझ्या कानाला अजून सुरूच झाली नव्हती. मराठीत ते ‘बंद पडला होता, फोन केला होता, पट्टा बदलला होता’ असंच म्हणाले असते आणि ते शंभर टक्के बरोबर ठरलं असतं. मग आम्ही सगळे हॅड खोडले. ‘द कॉम्प्रेसर स्टॉप्ड ॲट टू. आय कॉल्ड मेंटेनन्स. दे चेंज्ड द बेल्ट. इट स्टार्टेड अगेन ॲट फोर.’ त्यांनी ते दोनदा म्हटलं आणि विचारलं, ‘एवढंच?’ हो, एवढंच. घडलं त्या क्रमाने सांगत गेलं की प्रत्येक क्रियापद साध्या भूतकाळात. म्हणून तुमचं पहिलं वाक्य: ‘येस्टरडे आय वेंट टू द सप्लायर.’ जाऊन आलात हे ‘येस्टरडे’नेच कळतं, शिवाय तुम्ही समोर बसलेले दिसताच आहात.

याच ‘होतो’मुळे आणखी एक चूक होते, ‘आय वॉज वेंट’. ‘गेलो’चं वेंट, ‘होतो’चं वॉज, शब्दाला शब्द. आणि ‘राहत होतो’चं ‘आय वॉज लिव्हिंग’. ‘मी तेव्हा पुण्यात राहत होतो’ याला साधं ‘आय लिव्ड इन पुणे देन’ म्हणा. ‘वॉज’सोबत आय-एन-जी ठेवायचं ते काहीतरी चालू असताना मध्येच दुसरं घडलं तेव्हा: जेवत होतो आणि फोन आला. ‘जायचो, करायचो’ या सवयीच्या गोष्टींना ‘यूज्ड टू’ चालतं आणि साधा भूतकाळही चालतो.

तिसरं वाक्य, ‘आय हॅव सेंट द मेल ऑन मंडे’. मराठीत ‘मी सोमवारी मेल पाठवला आहे’ बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत ‘हॅव’ आणि संपलेली वेळ यांचं जमत नाही. वाक्यात ‘कधी?’चं उत्तर आलं, म्हणजे काल, सोमवारी, दोन दिवसांपूर्वी, 2015 मध्ये, की ‘हॅव’ बाहेर. ‘आय सेंट द मेल ऑन मंडे.’ वेळ सांगायची नसेल, पाठवलाय एवढाच मुद्दा असेल, तर ‘आय हॅव सेंट द मेल’ छान. अमेरिकेतले लोक इथेही बऱ्याचदा साधा भूतकाळच वापरतात. आपण ‘जेवलात का?’ विचारतो तिथे ते ‘डिड यू ईट?’ म्हणतील आणि ब्रिटनमध्ये ‘हॅव यू ईटन?’ ऐकू येईल. दोन्ही बरोबर. तेव्हा शंका आली तर साध्या भूतकाळाकडे झुका.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण ही चूक स्वतःची स्वतःला ऐकू येत नाही. मराठीत ला-चं रूप आपण न घडलेल्या गोष्टीलाही वापरतो. दारावरची बेल वाजली की आतून ‘आले, आले!’ ऑफिसातून उठताना ‘चला, मी निघालो’. दोन्हीत अजून काहीच झालेलं नाही. माझ्या वर्गातल्या एक आजी अमेरिकेतल्या नातवाशी बोलण्यासाठी इंग्रजी शिकत होत्या. व्हिडिओ कॉलवर त्याने हाक मारली की त्या स्वयंपाकघरातून ‘आय केम, आय केम!’ म्हणत यायच्या आणि नातू विचारायचा, ‘फ्रॉम व्हेअर?’ तिथे ‘कमिंग!’ हवं. ‘निघालो’ला ‘आयम लीव्हिंग’. ‘भूक लागली’ला ‘आयम हंग्री’. ‘समजलं का?’ला ‘डू यू अंडरस्टँड?’

आणि ‘तर’, ‘की’. ‘तो आला तर सांगतो’ याचं ‘इफ ही केम’ करू नका, ‘इफ ही कम्स, आय विल टेल यू’. ‘पाऊस थांबला की निघू’ म्हणजे ‘व्हेन द रेन स्टॉप्स’. ‘इफ ही केम’ म्हटलं तर इंग्रजी माणूस समजतो की तो यायची शक्यता तुम्हाला फारशी वाटत नाही. गिऱ्हाइकाला ‘इफ द मटेरियल केम’ असं लिहिलंत तर माल येण्याबद्दल तुम्हालाच खात्री नाही असा अर्थ जातो, आणि तो तुम्हाला अभिप्रेत नसतो.

एका जागी मात्र दोन्ही भाषा अगदी हातात हात घालून चालतात. ‘मला जरा तुमच्याशी बोलायचं होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा बोलायचं आत्ताच असतं. ‘होतं’ने नुसती अदब येते. इंग्रजीतही तेच: ‘आय वॉन्टेड टू टॉक टू यू.’ साहेबांच्या केबिनमध्ये हे वाक्य निर्धास्त वापरा.

आता रूपांविषयी, कारण तक्त्याचा विषय निघालाच आहे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 सालापासून आलं. त्याआधीच्या आम्हा लोकांना ते पाचवीत भेटलं आणि लवकरच हा तक्ताही भेटला. मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेला असल्यामुळे तो अबाइड, अराइज, अवेक असा सुरू होतो. सांगा, काल दिवसभरात तुम्ही यातलं काय केलंत? आपल्या दिवसाची क्रियापदं वेगळी आहेत: वोक, गॉट, मेड, ड्रँक, एट, टुक, लेफ्ट, केम, सॅट, सॉ, सेड, टोल्ड, गेव्ह, बॉट, पेड, स्लेप्ट. एवढ्या सोळांवर सकाळचा चहा ते रात्रीची झोप सगळं सांगून होतं.

‘इंग्रजी क्रियापदं इतकी वेडीवाकडी का?’ असं लोक वैतागून विचारतात. मी त्यांना म्हणते, ‘जा’चं भूतकाळात काय होतं? ‘जाला’ का नाही? ‘गेला’ हा संस्कृत ‘गत’कडून आलाय, ‘जा’शी त्याचं नातं नाही. ‘हो’चं ‘झाला’, तेही तसंच, ‘जात’वरून. इंग्रजीत ‘वेंट’ मुळात ‘गो’चं नव्हतंच, ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचं होतं, ते ‘गो’ने उचललं. कर–केला, दे–दिला, म्हण–म्हणाला, मर–मेला. दोन्ही भाषांत रोजच्या तोंडातली क्रियापदंच वाकडी राहिली आहेत, कारण जे रोज वापरलं जातं त्याचं जुनं रूप विसरलं जात नाही. ‘गेला’ तुम्ही पाठ केलं नव्हतं. ऐकत आणि बोलत ते तोंडात बसलं. ‘वेंट’लाही तीच वाट द्या.

शिवाय इंग्रजीने आपल्याला केवढी सूट दिली आहे बघा. मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, तो गेला, ती गेली, ते गेलं, त्या गेल्या. या सगळ्यांना एकच ‘वेंट’. वर्तमानकाळात ‘ही गोज’चा जो ‘ज’ सारखा निसटतो, तोही इथे नाही. आणि आपल्याकडे आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले. काय खाल्लं त्यावर क्रियापद बदलतं. इंग्रजीत ‘आय एट’, मग ताटात काहीही असो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला यापायी किती कष्ट पडतात ते मी पाहिलंय.

पाठ करायचीच झाली तर आवाजावरून जुळवा. कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, फील–फेल्ट, लीव्ह–लेफ्ट, मीट–मेट: लांब ‘ई’चा आखूड ‘ए’ होतो. सिंग–सँग, रिंग–रँग, ड्रिंक–ड्रँक. बाय–बॉट, थिंक–थॉट, कॅच–कॉट, आणि याच घरात ‘ब्रिंग–ब्रॉट’. त्याला सिंगच्या पंगतीत बसवून ‘ब्रँग’ करू नका. पुट, कट, हिट, शट, लेट बदलतच नाहीत.

साध्या, ई-डी लागणाऱ्या क्रियापदांचा उच्चार मात्र शाळेत कोणी शिकवलेला नसतो. ‘वॉकेड’, ‘आस्केड’, ‘वॉशेड’ असं आपल्याकडे सर्रास चालतं. इथे आपली बाराखडी फार उपयोगी पडते. कठोर आणि मृदू व्यंजनं आठवतात? क्रियापदाच्या शेवटी कठोर आवाज असेल (क, प, स, श, च, फ) तर ई-डीचा उच्चार नुसता ‘ट’: कुक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, वॉच्ट, लाफ्ट. शेवटी मृदू आवाज किंवा स्वर असेल तर ‘ड’: ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. आणि शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’च असेल तरच वेगळा ‘इड’ ऐकू येतो, कारण ‘ट’ला ‘ट’ चिकटवून उच्चारताच येत नाही: वॉन्टिड, नीडिड, स्टार्टिड. शेजाऱ्यासारखं होणं ही ध्वनींची सवयच आहे. संधीत आपण ‘वाक्’ आणि ‘ईश’चा ‘वागीश’ करतो तो याच कारणाने. स्पेलिंग बघू नका, कान लावा. ‘आस्क’ला ‘आस्क्ट’ म्हणताना जीभ अडखळते, तेव्हा पुढच्या शब्दाशी जोडून म्हणा: ‘आय आस्क्ट-इम’. लगेच सुटतं.

आता काय करायचं ते. कालचा सगळा दिवस सांगायला जाऊ नका, त्यात माणूस भरकटतो. कालचा कोणताही अर्धा तास निवडा. ऑफिसला निघालात तो, किंवा भाजी आणायला गेलात तो. सहा वाक्यं, मोठ्याने, उभं राहून. लिहायची नाहीत, लिहिताना तुम्ही आधीच बरोबर असता, चुकतं ते तोंडातून. ‘आय लेफ्ट होम ॲट नाइन. आय टुक द बस. आय सॅट बाय द विंडो.’ मग प्रत्येक वाक्य स्वतःलाच विचारायचं, नाकारायचं आणि दुरुस्त करायचं: ‘डिड यू टेक द बस?’ ‘नो, आय डिडन्ट टेक द बस. आय टुक अ रिक्षा.’ टुक–टेक–टेक–टुक. क्रियापद असं पुढेमागे झुलत राहिलं की ‘डिड’ आल्यावर मोकळं व्हायची सवय जिभेला लागते. मी हे वर्गात जोडीने करून घेते. घरी एकट्याने स्कूटरवर हेल्मेटच्या आत करणारे माझे विद्यार्थी आहेत आणि त्यांचं उत्तम चाललंय. रोज दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आणि ऐकताना एकच चूक शोधा. या आठवड्यात फक्त ‘डिड’, पुढच्या आठवड्यात फक्त ई-डीचा उच्चार.

या काळात ‘हॅड’ पूर्ण बंद ठेवा. मनात मराठीत ‘होतो’ आलं तरी तोंडातून साधा भूतकाळच. पहिले काही दिवस काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटेल. वाटू द्या, ऐकणाऱ्याला तसं वाटत नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना साधारण दोन महिने लागतात. एखाद्या दिवशी मीटिंगमध्ये अख्खी गोष्ट सांगून झाली आणि मध्ये कोणी थांबून बघितलं नाही, की मग ‘हॅड’ त्याच्या खऱ्या कामासाठी परत आणा. त्यासाठी मी नेहमी एकच वाक्य देते. नाशिक रोडला पोहोचलात आणि तुमच्या डोळ्यांसमोर गाडी हलली, तर ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’. पोहोचलात आणि फलाट रिकामा होता, गाडी केव्हाच गेलेली, तर ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’.